आहारातलं ड जीवनसत्त्व कसं मोजाल?

सांगली-साताऱ्याकडे पाहणी करताना 'काल काय खाल्लं?' हे सलग नसलेल्या दोन दिवशी विचारा. एक दिवस उपवासाचा निघाला तर आकडा फसतो. अंडं बलकासकट खाल्लं तर साधारण ४० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक), म्हणजे १ मायक्रोग्रॅम.

खरी गोम तेलात. पिशवीवर '+एफ' खूण (वरून जीवनसत्त्वं मिसळल्याची) असेल तर ग्रॅमला ४.४ ते ६.४ आययू धरा. पाच माणसांत महिन्याला ४ किलो तेल, म्हणजे माणशी रोज सुमारे २७ ग्रॅम : ११७ ते १७१ आययू. तळणीचं उरलेलं वजा करा. घाण्यावरच्या शेंगतेलाला शून्य. गोठ्यातल्या दुधालाही जवळपास तेच. खूण असलेल्या पिशवीच्या दुधात लिटरला २०० ते ३००.

डॉक्टरांनी दिलेली ६०,००० आययूची पुडी वेगळ्या रकान्यात लिहा. सरासरीत मिसळली की अख्खं गाव सुदृढ दिसतं! उन्हातून मिळणारं ड आहारातलं नाही, म्हणून ऊन इथे मोजायचंच नाही.