दोन प्रोसेसरचं मशीन संशोधनाच्या कामाला लावताय? मग या चुका टाळा

घरच्या संगणकाचा रिकामा वेळ इंटरनेटवरून संशोधनाच्या प्रकल्पांना देता येतो: प्रकल्प छोटी कामं पाठवतो, आपला संगणक गणित करून उत्तर परत पाठवतो. मशीन मोठं असेल तर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला की ५६ चौकोन दिसतात, कामाच्या प्रत्येक धाग्याचा (थ्रेडचा) एक, सगळे काठोकाठ भरलेले. ते बघून समाधान वाटतं आणि आपण खिडकी बंद करतो. चूक तिथेच होते. प्रोसेसर मेमरीतून माहिती यायची वाट बघत ताटकळत असला, तरी टास्क मॅनेजर त्याला कामातच धरतो. मशीन किती भरलंय, यापेक्षा दिवसाला किती कामं पूर्ण होऊन बरोबर ठरली, हे बघायला हवं. प्रकल्पाच्या साइटवर आपल्या संगणकाच्या पानावर ते दिसतं, आणि बहुतेक जण ते पान उघडतच नाहीत.

माझ्या मशीनमध्ये झिऑन ई५-२६८० व्ही४ जातीचे दोन प्रोसेसर आहेत. प्रत्येकात १४ कोअर (गणित करणारे स्वतंत्र गाभे), २८ थ्रेड. पहिले दोन आठवडे मी निर्धास्त होते. मग एका संध्याकाळी बॉइंकची, म्हणजे प्रकल्पांकडून कामं आणून चालवणाऱ्या प्रोग्रामची, यादी नीट वाचली. एकाच प्रकल्पाची, एकाच जातीची कामं. त्यातली काही पाच तासांत उरकत होती, काही सात तास उलटले तरी रेंगाळत होती. झाकण काढल्यावर उलगडा झाला. रॅमच्या चारही पट्ट्या पहिल्या प्रोसेसरच्या बाजूच्या स्लॉटमध्ये बसवलेल्या होत्या. दुसऱ्याच्या वाट्याला एकही पट्टी नव्हती. त्याला लागणारी सगळी माहिती पहिल्याच्या दारातून, दोघांना जोडणाऱ्या दुव्यावरून यायची.

दोन प्रोसेसरचं मशीन म्हणजे एका वाड्यातली दोन बिऱ्हाडं. प्रत्येकाची मेमरी वेगळी, कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) वेगळी, ग्राफिक्स कार्डाचे स्लॉटही वाटून दिलेले. शेजाऱ्याची मेमरी वापरता येते, पण तिथवर जाऊन यायला वेळ लागतो. या रचनेला न्यूमा म्हणतात. लोकांच्या ज्या तक्रारी मी ऐकल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा या एका गोष्टीचा विसर पडल्यानं निर्माण झालेल्या असतात.

रॅम: मोजायची नाही, वाटायची

या पिढीच्या झिऑनला प्रत्येकी चार मेमरी चॅनल, म्हणजे मेमरीकडे जायच्या वाटा, असतात. म्हणजे दोन प्रोसेसरना मिळून आठ पट्ट्या लागतात, चार इकडे आणि चार तिकडे. ३२ जीबीच्या दोन पट्ट्यांपेक्षा ८ जीबीच्या आठ पट्ट्या इथे कितीतरी बऱ्या. बेरीज तीच, पण आठही वाटा उघड्या राहतात. पट्टी कोणत्या स्लॉटमध्ये आधी घालायची, याचा क्रम मदरबोर्डच्या पुस्तिकेत किंवा झाकणाच्या आतल्या आकृतीत दिलेला असतो, तो पाळाच. सर्व्हरच्या रजिस्टर्ड पट्ट्यांमध्ये साध्या डेस्कटॉपच्या पट्ट्या मिसळू नका, मशीन सुरूच होणार नाही.

लिनक्सवर न्यूमासीटीएल हा प्रोग्राम हार्डवेअरच्या पर्यायासह (numactl --hardware) चालवला, की दोन्ही बाजूंना किती मेमरी आहे ते समोर येतं. एका बाजूला शून्य दिसलं, तर माझीच चूक तुमच्याकडेही झाली आहे. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘नोड इंटरलीव्हिंग’ नावाचा पर्याय असतो, तो बंद ठेवा. चालू असेल तर मशीन दोन्ही मेमरी एकत्र कालवून एकच असल्याचं भासवतं. मग कोणती मेमरी जवळची आणि कोणती लांबची, हे ऑपरेटिंग सिस्टिमला कळत नाही.

रॅम कमी पडली तर बॉइंक तसं स्पष्ट सांगतं: कामासमोर ‘मेमरीची वाट पाहत आहे’ अशा अर्थाचा शेरा येतो. ५६ थ्रेड आणि प्रथिनांची रचना शोधणाऱ्या रोझेटा ॲट होमसारखी कामं, जी एकेक जीबीच्या घरात मेमरी घेऊ शकतात, यांचा हिशेब स्वतःच करून बघा. त्यात बॉइंकचं मूळ सेटिंग असं, की तुम्ही मशीन वापरत असताना ते फक्त निम्मी रॅम घेतं. ३२ जीबीतली १६ हाती राहिली, की निम्म्याहून अधिक थ्रेड रिकामे बसणार. ही टक्केवारी वाढवता येते. तेवढ्यानं भागलं नाही, तर बॉइंकच्या ॲप-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये त्या प्रकल्पाची एका वेळची कामं मर्यादित करा आणि उरलेले थ्रेड कमी मेमरी लागणाऱ्या दुसऱ्या प्रकल्पाला द्या.

दुसरा प्रोसेसर दिसतच नाही

हे दुखणं जुनं आहे. १९९९ साली परग्रहांवरच्या जिवांचे संकेत शोधणारं सेटी ॲट होम सुरू झालं, त्याच वर्षी ॲबिटचा बीपी६ हा मदरबोर्ड आला आणि दोन स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर एकत्र लावायची हौसेची लाट आली. पण विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर ओळखताच येत नसे. त्यासाठी विंडोज एनटी किंवा विंडोज २००० लागायचं. आज विंडोजची होम आवृत्ती एकच सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) वापरते. दोन हवे असतील तर प्रो घ्यावी लागते, नाहीतर लिनक्स. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात ‘सॉकेट्स’ समोर २ आकडा आहे का, ते आधी बघा. तिथे १ असेल आणि आवृत्ती बरोबर असेल, तर दुसऱ्या प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वीजजोडणी लावायची राहिली आहे का, ते तपासा. ती हमखास विसरली जाते.

त्या काळची एक सवय मात्र सोडायला हवी. सेटीचा जुना प्रोग्राम एका वेळी एकच प्रोसेसर वापरायचा, म्हणून लोक दोन फोल्डर करून त्याच्या दोन प्रती चालवत. बॉइंक स्वतःच प्रत्येक थ्रेडला एक काम देतं. दोन प्रोसेसर आहेत म्हणून बॉइंक दोनदा बसवायची काहीही गरज नाही.

६४ पेक्षा जास्त थ्रेड असतील तर विंडोजवर आणखी एक पेच आहे. विंडोज त्यांचे गट पाडतं, आणि विंडोज ११ किंवा सर्व्हर २०२२ च्या आधीच्या आवृत्त्यांत एखादा प्रोग्राम आपण होऊन एकाच गटात अडकून राहतो. अनेक थ्रेड वापरणारं एकच मोठं काम लावलं आणि मशीन बरोबर निम्म्यावरच चाललं, तर कारण बहुधा हेच.

एक मोठं काम दोघांत फाडू नका

सुटी, एकेका थ्रेडची कामं असतील तर फार डोकं लढवू नका. लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा मुख्य भाग) ती ज्या त्या बाजूला बऱ्यापैकी सांभाळतो. पण प्रथिनांच्या घड्या अभ्यासणाऱ्या फोल्डिंग ॲट होमचं प्रोसेसरवरचं काम किंवा मूळ संख्या शोधणाऱ्या प्राइमग्रिडचं मोठ्या संख्येचं काम अनेक थ्रेड मिळून करतात आणि ते थ्रेड सतत एकमेकांशी बोलत असतात. हे बोलणं दोन सॉकेटांमधल्या दुव्यावरून व्हायला लागलं की वेग कोसळतो. त्यामुळे ५६ थ्रेडचं एक काम लावण्याऐवजी प्रत्येक सॉकेटवर एक अशी दोन कामं लावा, आणि न्यूमासीटीएलनं प्रोसेसर व मेमरी दोन्ही त्या बाजूला बांधून टाका. नुसता प्रोसेसर बांधून मेमरी मोकळी सोडणं हे अर्धंच काम झालं.

फोल्डिंगमध्ये थ्रेडच्या आकड्याचंही पथ्य आहे. रेणू ज्यात हलताना बघायचा ती काल्पनिक पेटी तुकड्यांत वाटून थ्रेडना दिली जाते, आणि ११ किंवा १३ सारख्या मोठ्या मूळ संख्येच्या पटीत ती नीट वाटली जात नाही. एका सॉकेटवर २६ थ्रेड देण्यापेक्षा २४ द्या.

प्राइमग्रिडसारख्या प्रकल्पांत कॅश फार महत्त्वाची ठरते. माझ्या एका प्रोसेसरला ३५ एमबी एल३ कॅश (सगळ्या कोअरांची सामायिक) आहे. तिच्यावर २८ कामं तुटून पडली तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा एमबी येते, आणि सगळी जण पुन्हा पुन्हा रॅमकडे धावतात. तिथे हायपरथ्रेडिंगनं (एका कोअरवर दोन थ्रेड चालवायच्या सोयीनं) आलेले जादा थ्रेड सोडून कोअरएवढेच वापरलेले बरे. उलट कमी मेमरी लागणाऱ्या कामांत हायपरथ्रेडिंगचा फायदा होतो. तेव्हा कुणाचा सल्ला डोळे झाकून घेण्यापेक्षा दोन-दोन दिवस दोन्ही प्रकार चालवा आणि दिवसाला पुरी झालेली कामं मोजा.

उष्णता

सर्व्हरच्या पेटीत दोन हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता शोषणारे धातूचे ठोकळे) बऱ्याचदा एकामागे एक असतात. पुढच्याला थंड हवा मिळते, मागच्याला पुढच्यानं तापवलेली. म्हणून तापमान बघताना सरासरी काढू नका, दोन्ही आकडे वेगवेगळे वाचा. सुरुवातीपासून थोडाफार फरक राहणारच. पण तो महिन्या-महिन्याला वाढत असेल, तर धूळ साचली आहे किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला लेप) सुकली आहे. तापलेला प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो, आणि टास्क मॅनेजरमधले चौकोन तरीही भरलेलेच दिसतात.

तापमान उतरवायला लोक बॉइंकमध्ये ‘प्रोसेसरचा वेळ ६० टक्के’ असं करतात. याचा परिणाम म्हणजे सगळी कामं क्षणात चालू, क्षणात बंद. पंखे वरखाली हिंदकळतात, प्रोसेसर तापत-निवत राहतो. त्याऐवजी वापरायच्या प्रोसेसरांची संख्या कमी करा आणि वेळ १०० टक्केच ठेवा.

त्याच पानावर आणखी एक सेटिंग आहे: इतर प्रोग्राम २५ टक्क्यांवर गेले की बॉइंक थांबतं. ५६ थ्रेडमध्ये २५ टक्के म्हणजे १४. तुम्ही १६ थ्रेडचा व्हिडिओ रेंडर लावला की उरलेले ४० थ्रेडही झोपी जातात. ‘मध्येच सगळं आपोआप बंद पडतं’ म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा बघावा.

साठा करू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण तिचा त्रास दुसऱ्याला होतो. ‘नेट गेलं तर कामं हाताशी असावीत’ म्हणून लोक दहा दिवसांचा साठा मागतात. ५६ थ्रेडना दहा दिवस म्हणजे ५६० दिवसांचं काम एका झटक्यात आपल्या दारात येऊन पडतं. नव्या मशीनचा वेग सर्व्हरला नीट ठाऊक नसतो, त्यामुळे अंदाज चुकून त्याहूनही जास्त येऊ शकतं. मुदत टळली की ती कामं दुसऱ्या कुणाला पाठवावी लागतात. बऱ्याच प्रकल्पांत तेच काम दोन संगणकांना देऊन उत्तरं ताडून बघतात. तुमचं उत्तर येईपर्यंत तुमचा तो अनोळखी जोडीदार आणि त्या निकालावर अवलंबून असलेले संशोधक खोळंबून राहतात. सुरुवातीला अर्ध्या दिवसाचा साठा पुरे. अंदाज स्थिरावले की फार तर एक दिवस.

चुकीचं उत्तर परत पाठवणं तर त्याहून वाईट. मशीन जुनं घेतलं असेल, तर कुठल्याही प्रकल्पाला जोडण्याआधी एक पूर्ण रात्र मेमरीची चाचणी आणि दुसरी रात्र प्राइम९५ ची ताण-चाचणी घ्या. हा प्रोग्राम १९९६ साली सुरू झालेल्या, मर्सेन मूळ संख्या (दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या) शोधणाऱ्या जिंप्स या स्वयंसेवी प्रकल्पातूनच आला आहे. त्याला उत्तरं आधीच माहीत असतात, त्यामुळे गणित चुकलं की लगेच कळतं. ईसीसी रॅम एका बिटाची चूक गुपचूप सुधारते, म्हणून गाफील राहू नका. लिनक्सवर रासडीमन या मेमरीच्या चुका टिपणाऱ्या प्रोग्रामची नोंद आठवड्यातून एकदा वाचा. एकाच पट्टीच्या नावावर सुधारणा वाढत असतील, तर ती पट्टी लगेच बदला.

ग्राफिक्स कार्डही लावलं असेल, तर प्रत्येक कार्डामागे एक थ्रेड मोकळा ठेवा, तोही कार्ड ज्या प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये आहे त्याच बाजूचा.

विजेचा हिशेब आधीच मांडा. ३५० वॉट खेचणारं मशीन दिवसाला ८.४ युनिट घेतं, महिन्याला साधारण २५०. हे झेपणार नसेल, तर रोज ठरलेले काही तासच चालवा, चालेल. मात्र मुदत लांबची असलेले प्रकल्प निवडा. मशीन कचेरीचं असेल, तर मालकाची परवानगी लेखी घ्या.

आणि मशीन कायमचं बंद करायचं ठरलं, तर थेट बटण दाबू नका. आधी प्रत्येक प्रकल्पाला ‘नवी कामं नकोत’ असं सांगा, हातातली पुरी होऊ द्या, ‘अपडेट’ दाबून पाठवा. जी पुरी होणार नाहीत ती रद्द करून तेही कळवा, म्हणजे मुदत संपायची वाट न बघता सर्व्हर ती दुसऱ्याला लगेच देऊ शकेल.