नोत्सेची गोष्ट सांगायची असेल तर

पश्चिम आफ्रिकेतल्या एवे लोकांची नोत्से नगराची गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती पार फसली. सगळे माग चुकवायला उलट्या पावलांनी निसटतात, हे मी आरंभीच सांगून बसले. मग ऐकणाऱ्यांना उरलं काय?

तेव्हा आधी नगर उभं करा. नोत्से आजच्या टोगोत आहे. पूर्वज पूर्वेकडच्या केतूहून आले आणि मातीच्या तटाआड राहिले, असं एवे परंपरा सांगते. राजा आगोकोली. ‘तो फार छळायचा’ एवढ्यावर उरकू नका, त्याचे हुकूम सांगा. माती पायांनी तुडवायची, आणि तिच्यात काटे टाकलेले. मग दुसरा हुकूम: मातीचा दोर वळून आणा! इथे थांबा. तुम्ही काय केलं असतं, विचारा. उत्तरं येऊ द्या, मगच म्हाताऱ्याची युक्ती सांगा: जुना दोर दाखवा महाराज, त्याबरहुकूम नवा वळतो.

आता तट. बायका घरातलं सांडपाणी रोज तटाच्या एकाच जागी ओतत. मी हे वाक्य तीनदा म्हणते, दर वेळी आवाज थोडा खाली आणत. भिंत भिजायला वेळ लागतो, तो ऐकणाऱ्यालाही लागू द्या.

पळण्याच्या रात्री मांडीवर ताल धरा, कारण ढोलांच्या गजरातच ती भिंत पाडली गेली. आणि उलटी पावलं? ती सांगू नका. उठा, पाठमोरं चालून दाखवा.

पुढचं थोडक्यात. लोक पांगले. आज ते घाना, टोगो आणि बेनिनमध्ये आहेत. किनाऱ्याकडे गेलेल्यांचा म्हातारा पुढारी वेन्या थकून म्हणाला, ‘मी आता अंग आखडून घेतलं,’ त्यावरून त्या लोकांना आन्लो हे नाव पडलं म्हणतात. घानातल्या आन्लोगा गावात 1962 पासून या पलायनाच्या आठवणीत होग्बेत्सोत्सो सण होतो, नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी. त्यात आपसातली भांडणं मिटवायचा विधीही असतो, आणि नाचात पाठमोरी पावलं.

एक पथ्य मी पाळते. ‘मिसे ग्ली लो!’, म्हणजे गोष्ट ऐका, ही कथेआधीची हाक नोत्सेला लावत नाही, कारण नोत्सेची गोष्ट ही पूर्वजांची हकीकत आहे. ती हाक यियी नावाच्या, जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या कथांसाठी ठेवा. ‘ग्ली नेवा!’, म्हणजे येऊ दे गोष्ट, हा जबाब आधी शिकवून घ्या. पहिला जबाब बहुधा पुटपुटतच येतो. तेव्हा पुन्हा हाक द्या.