फिश फाइंडरवर मासा दिसतो, पण गळाला लागत नाही: खोल पाण्यातल्या या चुका टाळा

पाच-दहा मीटर पाण्यात फिश फाइंडर (ध्वनी सोडून पाण्याखालचं स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) कसाही लावला तरी निभावून जातं. चाळीस-साठ मीटर खोलीवर सरळ खाली जिग (गळ लावलेलं वजनदार आमिष) सोडायचा म्हटलं की ट्रान्सड्यूसरचा (ध्वनी सोडणाऱ्या आणि प्रतिध्वनी ऐकणाऱ्या भागाचा) जरासा कल, दोरीचा तिरकेपणा आणि ऑटोवर सोडून दिलेली सेटिंग, सगळंच अंगाशी येतं. म्हणून मासा शोधण्याआधी स्क्रीनवर स्वतःचा जिग शोधा. जिगची रेघ दिसत नसेल तर मासा ३८ मीटरवर आहे हे कळून काय करणार? तुमचा गळ त्याच्या वर आहे, खाली आहे की दहा मीटर बाजूला, याचा पत्ताच नसतो. पुढच्या बहुतेक चुका या एका रेघेपाशी येऊन थांबतात.

स्क्रीनच्या डावीकडे बघत बसणं

ट्रान्सड्यूसरने आत्ता जे ऐकलं ते फक्त उजव्या कडेच्या उभ्या पट्टीत असतं. बाकी सगळी स्क्रीन म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. डावीकडे दिसणारा मासा बोटीच्या डावीकडे नसतो, तो मघाशी खालून गेलेला असतो. बोट चालू असताना मासा कमानीसारखा दिसतो, कारण तो ट्रान्सड्यूसरच्या ध्वनीच्या, खाली रुंद होत जाणाऱ्या शंकूच्या एका कडेने आत येतो आणि दुसऱ्या कडेने बाहेर पडतो. बोट एका जागी उभी असेल आणि मासाही खाली स्थिर असेल तर कमान होतच नाही, लांब आडवी रेघ उमटते. त्यामुळे जिग सोडून उभं राहिल्यावर कमानींची वाट पाहू नका, रेघा वाचा.

उजव्या कडेला अ‍ॅम्प्लिट्यूड स्कोप (आत्ताचा प्रतिध्वनी किती जोरदार ते दाखवणारी उभी पट्टी) लावायची सोय बहुतेक यंत्रांत असते. ती चालू करा. स्क्रोलचा वेग सर्वांत जास्त ठेवा. माशांची चिन्हं दाखवणारं फिश आयडी बंद करा, कारण ते काडीकचऱ्याला आणि बुडबुड्यांनाही मासा ठरवतं आणि तुमच्या जिगलाही.

ट्रान्सड्यूसर एकीकडे, गळ दुसरीकडे

२०० किलोहर्ट्झच्या साध्या ट्रान्सड्यूसरचा शंकू साधारण २० अंशांचा असतो. तळाशी त्याचा व्यास खोलीच्या सुमारे ३५ टक्के भरतो: २० मीटरवर ७ मीटर, ६० मीटरवर २१ मीटर. ट्रान्सड्यूसर मागे आणि तुम्ही पुढच्या टोकाला, मध्ये पाच मीटर अंतर असेल, तर २० मीटर खोलीवर जिग शंकूच्या बाहेर राहतो. तोच ६० मीटरवर आत येतो. म्हणजे जिग सोडल्यावर बराच वेळ दिसत नाही आणि खाली गेल्यावर अचानक उगवतो. यंत्र बिघडलेलं नसतं, जागा चुकलेली असते. पुढच्या इलेक्ट्रिक मोटरवर ट्रान्सड्यूसर बसवून तिथेच, हातभर अंतरावर गळ सोडणं सगळ्यांत सोपं. (शंकू म्हणजे काही भिंत नव्हे. जोरदार प्रतिध्वनी देणारी वस्तू बाहेरूनही फिकी दिसते, पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.)

ट्रान्सड्यूसर जरा तिरका बसला तरी किती फरक पडतो ते बघा: ५ अंश कल असेल तर ६० मीटर खाली शंकूचा मध्य ५ मीटरहून जास्त सरकतो. लोकांचं वजन पुढे-मागे झालं की बोटही कलते. म्हणून मासेमारी करताना जशी माणसं बसणार तशीच बसवून, बोट पाण्यात असताना पातळी तपासा. किनाऱ्यावर ट्रेलरवर लावलेली पातळी पाण्यात टिकत नाही.

दोरी तिरकी होणं

गळ ट्रान्सड्यूसरशेजारी सोडला असेल तर हिशोब सोपा आहे: दोरीचा कल शंकूच्या निम्म्या कोनापेक्षा जास्त झाला की जिग शंकूतून बाहेर. खोली कितीही असो. २० अंशांच्या शंकूसाठी ही मर्यादा १० अंश. दहा अंश डोळ्यांना जवळजवळ सरळच वाटतात, हीच तर अडचण. ६० मीटर दोरी २० अंश कलली की जिग बाजूला वीस मीटर जातो, खोली मात्र साडेतीन मीटरच कमी होते. हाताला काहीच फरक जाणवत नाही.

उपाय तीन, याच क्रमाने करा. आधी बोट थोपवा: जीपीएस अँकर असलेली मोटर असेल तर ती, नसेल तर मोटर चालवून बोट वाऱ्याविरुद्ध धरून ठेवा. मग दोरी बारीक करा, कारण त्याच ताकदीची ब्रेडेड (विणलेली) दोरी मोनोपेक्षा (एकाच जाड तंतूच्या दोरीपेक्षा) खूप बारीक असते आणि प्रवाह तिला कमी ओढतो. शेवटी वजन वाढवा. समुद्रात दर मीटर खोलीला साधारण ३ ग्रॅम धरून सुरुवात करा आणि प्रवाह बघून वाढवा. संथ तलावात याच्या निम्म्याहून कमी वजन पुरतं, पण फार हलका जिग स्क्रीनवरही दिसत नाही.

सगळी खोली एकाच स्क्रीनवर पाहणं

ही चूक सगळ्यांत महागात पडते आणि दोन बटणांत सुटते. उंचीत ४८० पिक्सेल असलेल्या स्क्रीनवर ०–८० मीटर खोली दाखवली तर एका पिक्सेलला जवळजवळ १७ सेंटिमीटर येतात. हातभर लांब मासा, त्याच्यावर हातभर अंतरावर तुमचा जिग: दोन्ही मिळून सहा-सात पिक्सेल. हे कुणाला दिसणार? तेच फक्त १० मीटरचा पट्टा मोठा करून पाहा, पिक्सेलला २ सेंटिमीटर येतात.

मासे तळाशी असतील तर बॉटम लॉक लावा, तळापासून वरचे ५ ते १० मीटर दिसतील एवढाच पट्टा ठेवा. मासे मधल्या पाण्यात असतील तर रेंज हाताने द्या, उदाहरणार्थ ३०–४५ मीटर. स्क्रीन दुभंगून अर्ध्यात पूर्ण खोली आणि अर्ध्यात झूम ठेवणं उत्तम.

गेन ऑटोवर, आवाजाची चाळणी टोकावर

खोलात प्रतिध्वनी क्षीण होऊन परततो. गेन म्हणजे तो किती वाढवून दाखवायचा ते ठरवणारी सेटिंग. ऑटो गेन स्वच्छ स्क्रीन दाखवायच्या नादात नेमका जिगच पुसून टाकतो. गेन हाताने वाढवत न्या, सगळ्या स्क्रीनवर ठिपके पसरेपर्यंत. मग ठिपके विरळ होतील इतकाच मागे घ्या. थोडी घाण दिसली पाहिजे. नॉइज रिजेक्शन, म्हणजे आवाजाची चाळणी, आधी बंद करून पाहा आणि लागलं तरच सर्वांत कमी पातळीवर ठेवा. उथळात परतलात की गेन पुन्हा उतरवा.

फ्रिक्वेन्सीबद्दल थोडक्यात: ५० किंवा ८३ किलोहर्ट्झ खोलवर जातात पण शंकू रुंद, तपशील कमी. २०० किलोहर्ट्झ अरुंद आणि रेखीव. गोड्या पाण्यात ६० मीटरपर्यंत २०० ने काम होतं. खाऱ्या पाण्यात वरच्या फ्रिक्वेन्सी लवकर शोषल्या जातात, त्यामुळे फार खोलात खालच्या फ्रिक्वेन्सीवर उतरावं लागतं. चर्प (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींचा पट्टा वापरणारा सोनार) असेल तर तोच वापरा, कारण जवळजवळची दोन लक्ष्यं तो जास्त चांगली वेगळी करतो. ८०० किलोहर्ट्झचं डाउन इमेजिंग बुडालेली झाडं बघायला छान, पण चाळीसेक मीटरनंतर फिकं पडू लागतं. जिग पाहण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका.

उताराच्या तळावर मासे नाहीत असं समजणं

यंत्र शंकूतल्या सर्वांत जवळच्या तळाला तळ मानतं. उतारावर तो जवळचा तळ बाजूचा असतो, तुमच्या थेट खालचा नव्हे. २० अंशांचा शंकू, ३० अंशांचा उतार आणि खाली ६० मीटर पाणी असेल तर स्क्रीनवर तळ ५५ मीटरच्या आसपास सुरू होतो. थेट खालचे शेवटचे साडेचार मीटर त्या तळाच्या रंगात बुडून जातात. मासे तिथेच बसलेले असले तरी दिसत नाहीत. ४० अंशांच्या शंकूला हा अंध पट्टा ७ मीटरपर्यंत जातो. खूण अशी: जिग स्क्रीनवर तळाला टेकला तरी दोरी सुटतच राहते. अशा जागी अरुंद शंकू निवडा आणि जिग दिसेनासा झाल्यावरही तळ हाताला लागेपर्यंत सोडा.

नसलेला तळ, नसलेला मासा

खोली अचानक दुप्पट दाखवत असेल (३० ऐवजी ६० मीटर) तर यंत्राने तळाचा दुसरा प्रतिध्वनी धरलाय. कठीण तळावर हे होतं. रेंज हाताने दिली की सुटतं. मधल्या पाण्यात आडवा धूसर पट्टा दिसला तर तो बहुधा तापमानाचा थर. त्याला तळ समजून झूम लावू नका, मात्र त्याच्या वरच्या कडेला जिग जरूर फिरवून पाहा.

पिंगचा (यंत्र सोडतं त्या ध्वनीच्या ठोक्यांचा) वेग फार वाढवला तर आणखी एक भूत दिसतं. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे ६० मीटर खाली जाऊन परत यायला ०.०८ सेकंद लागतात. पुढची पिंग ०.०७ सेकंदांनीच सुटली तर आधीच्या पिंगचा तळ ०.०१ सेकंदावर येतो आणि साडेसात मीटरवर रेघ उमटते. वेग बदलून पाहा. रेघ जागा सोडून सरकली तर ती खोटी.

लाट असताना तळ करवतीसारखा दिसतो. खडकाळ आहे की लाटेचा परिणाम, हे जिगच सांगतो. बोट वर गेली की दोरीही तिच्याबरोबर वर जाते, म्हणून जिगची रेघ सरळ राहते आणि तळ नागमोडी होतो. तुम्ही जिग उचलत असाल तेव्हा उलट: तळ सरळ, जिग नागमोडी.

तिरक्या तुटक रेघांचा पाऊस पडत असेल तर एकेक गोष्ट बंद करत जा: दुसरा सोनार, इलेक्ट्रिक मोटर, पंप, फोनचा चार्जर. मोटरचा वेग वाढवल्यावर पाऊस वाढला तर दोषी सापडला. फिश फाइंडरला वेगळी बॅटरी द्या आणि ट्रान्सड्यूसरची केबल मोटरच्या वायरीला बांधू नका. उरलेली केबल कापून जोडू तर अजिबात नका.

खोलीचा आकडा न तपासणं

शांत पाण्यात, सपाट तळावर, खुणा केलेल्या दोरीला १५० ग्रॅम शिसे बांधून ट्रान्सड्यूसरशेजारी १५ मीटर सोडा आणि स्क्रीनवरचा आकडा बघा. ३० मीटरवर पुन्हा करा. दोन्हीकडे सारखाच फरक, समजा ४० सेंटिमीटर, तर दोरी पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजली गेली आणि ट्रान्सड्यूसर त्याच्या खाली आहे. कील ऑफसेट (तेवढा फरक आकड्यात धरणारी सेटिंग) द्या. फरक खोलीबरोबर वाढत असेल तर गोड्या-खाऱ्या पाण्याचं सेटिंग बघा. ते चुकलं तर जवळपास ३ टक्के फरक पडतो, ६० मीटरवर पावणेदोन मीटर. हीच चाचणी गेन किती हवा तेही सांगते.

मासा जवळ आल्यावर घाई

जिग माशाच्या रेघेच्या वर, मीटर-दीड मीटरवर थांबवा. खाली नेऊ नका. बरेच शिकारी मासे वर बघून हल्ला करतात. तळाकडून एखादी रेघ तिरकी वर चढू लागली तर मासा जिगकडे निघालाय. आता जिग थांबवू नका, खाली तर मुळीच सोडू नका. संथपणे वर घेत राहा. दोन रेघा एक होतात, तेव्हा रॉडचं टोक बघा. माशाची रेघ आडवी झाली तर लहान, हळू झटका द्या. रेघ खाली वळली तर जिग दोन मीटर वर घेऊन पुन्हा सुरुवात करा. आणि शार्कसारख्या हवेची पिशवी नसलेल्या माशांची रेघ आकाराच्या मानाने फारच फिकी असते, म्हणून फिक्या रेघेला लहान मासा समजून दोरी कमकुवत ठेवू नका.

खोलातला मासा पाण्यात परत टाकणं

३० मीटरवर दाब ४ वातावरणांचा असतो, पृष्ठभागावर एक. वर येईपर्यंत माशाच्या पिशवीतली हवा चौपट फुगायला बघते. ज्या माशांना ती लवकर सोडता येत नाही ते नुसते पाण्यावर टाकले तर उलटे तरंगतात आणि पक्ष्यांच्या तोंडी जातात. सोडायचाच असेल तर ओठाला वजनाची चिमटी लावून, पकडला त्या खोलीजवळ नेऊन सोडा. स्क्रीनवर त्याची रेघ खाली जाताना दिसते. तोंडातून बाहेर आलेला फुगा टोचू नका. ती हवेची पिशवी नसते, उलटं झालेलं जठर असतं.