बेसबॉलचं स्कोअरबुक: पालकांनी आधी काय पक्कं करावं

अमेरिकेत मुलांच्या लिटल लीग सामन्यात स्कोअर लिहायचं काम बहुधा एखाद्या पालकावरच येतं. आधी जागांचे क्रमांक पाठ करा: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग मागच्या मैदानातले लेफ्ट, सेंटर, राइट अनुक्रमे ७, ८, ९. क्रिकेटमधून आलेले लोक शॉर्टस्टॉपला हमखास ५ देऊन बसतात, कारण तो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असतो. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसवर आउट केलं, की फलंदाजाच्या चौकटीत ६-३. हे क्रमांक जागेचे असतात, जर्सीचे नाहीत.

पेन नको, पेन्सिलच. शिवाय खोडरबर.

खरी जोखीम पिच, म्हणजे पिचरने फलंदाजाला टाकलेले चेंडू, मोजण्यात. तीन स्ट्राइक झाल्या, की फलंदाज आउट; पण दोन स्ट्राइकनंतरच्या फाउलने (रेषेबाहेर गेलेल्या फटक्याने) सहसा स्ट्राइक वाढत नाही, पण पिच मोजली जातेच. नवखे नेमकी तीच सोडतात. ९-१० वर्षांच्या पिचरला दिवसाला ७५ पिचची मर्यादा, ११-१२ ला ८५. मर्यादा फलंदाजाच्या मध्येच आली, तर तो फलंदाज संपवता येतो. प्रत्येक अर्ध्या इनिंगनंतर (म्हणजे एका संघाची फलंदाजी संपली, की) समोरच्या संघाच्या स्कोअररशी आकडा जुळवा. शेवटी वाद घालण्यापेक्षा ते बरं.

तिसरा आउट झाला, की शेवटच्या फलंदाजाच्या चौकटीखाली तिरकी रेघ ओढा, म्हणजे पुढची इनिंग कुणापासून ते दिसतं. मग ताळा करा: धावा, आउट आणि बेसवर उरलेले खेळाडू यांची बेरीज त्या इनिंगमध्ये खेळलेल्या फलंदाजांइतकी यायलाच हवी.