सीएनसी लेथवर आटे कसे पाडावेत: जी७६ सायकल

जी७६ ही आट्याचे सगळे पास, म्हणजे टूलच्या एकामागून एक फेऱ्या, दोन ओळींच्या कोडमध्ये घेणारी सायकल. उदाहरण एम२० गुणिले १.५ (व्यास २० मिमी; पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिमी) या बाहेरच्या उजव्या आट्याचं घेऊ आणि कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारी यंत्रणा, फॅनुक कंपनीची धरू. (इथे देवनागरीत लिहिलेले कोड मशीनवर अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचे.)

आधी आकडेमोड. आट्याची खोली म्हणजे पिच गुणिले ०.६१३, इथे ०.९२ मिमी. ही एका बाजूची, म्हणून तळाचा व्यास २० वजा १.८४, म्हणजे १८.१६. जॉबचा बाहेरचा व्यास मात्र पुरता २० ठेवू नका, १९.८५ च्या आसपास टर्न करा. आटा संपतो तिथे खाच आधीच मारून घ्या.

आता स्पीड. टर्निंगच्या सवयीने इथे जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) राहून जातो आणि आटे बिघडतात. व्यास बदलला की जी९६ आरपीएम बदलतो. आट्यात प्रत्येक पास त्याच खोबणीत उतरायचा, तर आरपीएम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हवा. म्हणून जी९७, म्हणजे आरपीएम कायम ठेवणारा कोड. एस८०० घेतला तर टूल मिनिटाला १२०० मिमी धावतं. तो वेग पकडायला अंतर लागतं, त्यामुळे सुरुवात जॉबच्या तोंडापासून किमान तीन पिच लांब ठेवा. इथे ६ मिमी घेतलंय.

टी०५०५
जी९७ एस८०० एम०३
जी०० एक्स२४.० झेड६.० एम०८
जी७६ पी०१००६० क्यू५० आर०.०५
जी७६ एक्स१८.१६ झेड-२५.० पी९२० क्यू३०० एफ१.५
जी०० एक्स१००.० झेड१००.०

जी७६ च्या पहिल्या ओळीतला पी म्हणजे तीन जोड्या: ०१ हा एक फिनिश पास, ०० म्हणजे शेवटी तिरकं बाहेर पडणं नाही (खाच नसेल तर इथे १० टाका), ६० हा आट्याचा कोन. क्यू५० हा कमीत कमी कट, आर फिनिशसाठी राखलेलं मटेरियल. दुसऱ्या ओळीत पी खोली, क्यू पहिला कट, एफ पिच. पी आणि क्यू मायक्रॉनमध्ये, दशांश चिन्ह न देता. ९२० च्या जागी ०.९२ लिहायचा मोह आवरा. पुढचे कट सायकल स्वतःच कमी करत नेते. असे साधारण दहा पास होतात.

झेड-२५ खाचेच्या मधोमध येतोय ना, हे ड्रॉइंगवरून ताडून पाहा. टूल चकाकडे जात असताना एम०३ ने (स्पिंडल सुलट) उजवा आटा पडतो, एम०४ ने (स्पिंडल उलट) डावा. इन्सर्ट त्याप्रमाणेच बसलेला हवा.

पहिल्यांदा चालवताना एक्स ऑफसेट पाच-दहा मिमी बाहेर घेऊन हवेतच पास बघा. ऐन पासमध्ये फीड ओव्हरराइडची नॉब फिरवून काही होत नाही, आणि फीड होल्ड दाबला तरी टूल जागच्या जागी थांबेलच असं नाही. चकाजवळ जागा कमी असेल तर ही हवेतली फेरी चुकवूच नका.

मग ऑफसेट जागेवर आणून कट घ्या, बर (कडेला राहिलेले धातूचे काटे) काढा आणि रिंग गेज, म्हणजे आटा तपासायची कडी, लावा: गो गेज पूर्ण जायला हवा, नो-गो जाता कामा नये. गो गेज जात नसेल तर जॉब चकातून सोडू नका, सोडलात तर खोबणी पुन्हा जुळवणं अवघड. एक्सच्या वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या बारीक दुरुस्तीचा आकडा) -०.०५ टाका आणि तोच प्रोग्राम, त्याच आरपीएमवर, त्याच झेडपासून पुन्हा चालवा. गो पूर्ण जाईपर्यंत असंच थोडंथोडं उतरवा; नो-गो आत फिरायला लागला तर तो जॉब गेला.