रात्रीची खाज कशी थांबली

आमची धाकटी चार वर्षांची. डिसेंबर लागला की रात्री एक-दीडला उठायची आणि "मम्मी, खाजवून दे ना" म्हणत रडायची. दिवा लावून पाहिलं तर पोटऱ्यांवर पांढरे, भुरके खवले आणि मधे नखांच्या लाल रेघा. जीव तुटायचा.

नागपूरची थंडी कोरडी. २०१८च्या डिसेंबरात तर पारा ३.५ अंशांवर गेला होता. म्हणून मी तिला गिझरच्या कढत पाण्यानं, साबण चोळून, पंधरा मिनिटं आंघोळ घालायची. चूक तिथंच होती. कढत पाणी आणि साबण कातडीचं स्वतःचं तेल धुऊन नेतात.

डॉक्टरांनी समजावलं, मग सगळं बदललं. आता आंघोळ शाळेआधी नाही, दुपारी ऊन असताना. पाणी कोपर बुडवून पाहते, कोमटच हवं. पाच मिनिटांत बाहेर. साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना. टॉवेलनं घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन. हे ओलसरपणाचं फार महत्त्वाचं आहे. आधी मी अंग खडखडीत कोरडं करून लावायची, त्याचा काहीच उपयोग होत नव्हता. सासूबाईंनी स्वेटरच्या आत घालायला जुन्या सुती साडीची झबली शिवून दिली, लोकर टोचणं थांबलं.

आठवडाभरात खवले गेले. परवा सकाळी सहालाच तिला जाग आली, तीही भूक लागली म्हणून.

भेगांतून पाणी किंवा रक्त येत असेल तर मात्र घरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.