आतल्या घटकांना एकच रंग देताना या चुका टाळा

वेबपानावरच्या बाहेरच्या डिव्हला (इतर घटक सामावून घेणाऱ्या चौकटीला) 'कलर' लावून गडद निळा रंग दिला, आतली शीर्षके आणि परिच्छेद निळे झाले, पण लिंक आणि बटण मात्र आपलाच रंग धरून बसले, असा अनुभव सीएसएस (पानाचे रंगरूप ठरवणारी भाषा) शिकताना हमखास येतो. 'कलर' हा गुणधर्म बाहेरच्या घटकाकडून आतल्या घटकांना वारशाने मिळतो हे खरे. परंतु ज्या घटकाला स्वतःचा एखादा नियम लागू होतो, तिथे हा वारसा चालत नाही, आणि लिंक, बटण व इनपुट यांच्यासाठी असे नियम ब्राउझरच्या स्वतःच्या स्टाइलशीटमध्ये आधीपासूनच असतात.

म्हणूनच बाहेरच्या डिव्हच्या नियमाला 'इम्पॉर्टंट' (नियमाला इतरांपेक्षा जास्त जोर देणारा शब्द) जोडून काहीही साधत नाही, कारण त्याचा जोर त्या डिव्हपुरताच असतो.

याहून घातक उपाय म्हणजे डिव्हच्या आतल्या प्रत्येक घटकाला स्टार सिलेक्टरने ('*', म्हणजे सगळे घटक निवडणाऱ्या चिन्हाने) रंग देणे. सुरुवातीला सगळे निळे दिसते आणि काम झाले असे वाटते. पण पुढे एखाद्या सूचनेच्या परिच्छेदाला अधिक नेमक्या सिलेक्टरने लाल केले, तर परिच्छेद लाल होतो आणि त्यातला 'स्ट्राँग' (ठळक मजकुराचा टॅग) मधला शब्द निळाच राहतो. स्टारमुळे त्या शब्दाला स्वतःचा नियम मिळालेला असतो आणि लाल रंगाचा वारसा तिथेच तुटतो. रंग फक्त बाहेरच्या डिव्हला द्यावा आणि त्यातल्या लिंक व बटणांपुरते 'कलर' चे मूल्य 'इनहेरिट' (बाहेरच्या घटकाचेच मूल्य घे) ठेवावे, हाच मला योग्य मार्ग वाटतो. असे करताना लिंकची अधोरेखा काढू नये, नाहीतर वाचकाला ती ओळखताच येणार नाही.

पार्श्वभूमीचा रंग वारशाने जात नाही; आतला घटक मुळात पारदर्शक असल्याने बाहेरचा रंग केवळ आरपार दिसतो. तिथेही 'इनहेरिट' लिहिले आणि रंग अर्धपारदर्शक असला, तर दोन थर एकावर एक चढून आतला भाग अधिक गडद होतो.

एसव्हीजी (रेषा व आकारांनी बनलेली) चिन्हे काळीच राहत असतील, तर त्यांच्या 'फिल' ला (आकार भरण्याच्या रंगाला) 'करंटकलर' (त्या घटकाला लागू असलेला 'कलर') द्यावे. मात्र चिन्ह 'आयएमजी' टॅगने आणले असेल, तर पानाचा रंग त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याचा कोड थेट पानाच्या एचटीएमएलमध्येच लिहावा लागतो.

एवढे करूनही रंग लागत नसेल, तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये तो घटक निवडून त्याच्या स्वतःच्या नियमांत 'कलर' आहे का, हे आधी पाहावे आणि वारशाने आलेले नियम त्यानंतर तपासावेत.